होल्डफास्ट ठोकायला मोगरी कुठली?

इंदिरानगरचा हौशी सुतार
नमस्कार मंडळी. रिटायर झाल्यावर सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोपरा मागून घेतला आणि सुतारकामाचं बाकडं मांडलं. जुन्या नाशकात पाडलेल्या एका वाड्याच्या सागाच्या तुळया मिळाल्या, त्यांचा तीन इंच जाडीचा फळा केला. त्यात १९ मिमीची भोकं पाडून अंबडला १८ मिमीच्या एमएस (माइल्ड स्टील) बारचे दोन होल्डफास्ट, म्हणजे भोकात ठोकून बाकड्यावरचं लाकूड दाबून धरायचे वाकडे आकडे, वाकवून घेतले. पकड झकास. रडगाणं ठोकण्याचं आहे. लोखंडी हातोडी मारली की देवळातली घंटा वाजावी तसा आवाज होतो आणि चौथ्या मजल्यावरची खिडकी उघडते. परवा नेम चुकला, फळ्यावर रुपयाएवढा खड्डा पडला. रबरी हातोडी आणली तर ती नुसती उसळते, दहा दणके देऊनही खालची फळी हाताने सरकते. पटाशीसाठीची शिसवी मोगरी यात घालायला जीव होत नाही. काय घेऊ? वजन किती?

पेठरोडकर
काका, शिसवीला हात लावू नका हे आधी सांगतो. मी लावला होता. होल्डफास्टचं डोकं जेमतेम अंगठ्याएवढं, ते लाकडात रुततं. महिन्याभरात मोगरीचं तोंड खवल्यासारखं झालं आणि मग पटाशीवर मारताना ती घसरायला लागली.

होल्डफास्टला जोरापेक्षा झटका लागतो. दांडा भोकात तिरका होऊन वरच्या काठाला एका बाजूने आणि खालच्या काठाला दुसऱ्या बाजूने रुततो, तेवढ्यावर सगळी पकड. रबर तो झटकाच गिळून टाकतं. म्हणून टणक लाकडाची, ७०० ते ८०० ग्रॅमची एक रांगडी मोगरी वेगळी ठेवा. दोन ठोक्यांत काम व्हायला हवं. होत नसेल तर वजन वाढवत बसू नका, दांड्यावर आडवा पॉलिश पेपर मारा, गुळगुळीत बार सटकतो.

लाकूड बाभळीचं. सिन्नर-निफाडकडे कुणी नातेवाईक असेल तर मोडक्या बैलगाडीचं लाकूड मागा, ते वर्षानुवर्षं वाळलेलं असतं. ताजं तोडलेलं घेतलंत तर पहिल्या उन्हाळ्यात तडकेल. डोकं चौकोनी करा आणि मार रेषांच्या टोकांवर, म्हणजे खोड आडवं कापल्यावर जी बाजू दिसते तिच्यावर, बसेल असं बघा. बाजूच्या अंगाने मारलं तर ढलप्या निघतात. दांडा वरून खाली घालायचा, वरचं टोक जाड. मग झटक्यागणिक डोकं घट्टच होतं, पाचर नको.

सातपूर सेकंड शिफ्ट
आमच्या टूलरूममध्ये नायलॉनच्या तोंडाच्या हातोड्या असतात. तोंड खराब झालं की आटे फिरवून बदलायचं. उसळी रबरापेक्षा बरीच कमी. एवढ्यासाठी बैलगाडी कशाला शोधता?

तांबट लेन
आमचं बालपण भांडी ठोकण्याच्या आवाजात गेलं, आम्हाला तुमच्या चौथ्या मजल्याचं नवल वाटतं 😄 होल्डफास्ट एमएसचा आहे म्हणून लोखंडी हातोडी चालून गेली. बिडाचा असता तर तुकडा पडला असता, हे कुणीतरी लिहायला हवं होतं.

पेठरोडकर
@सातपूर, नायलॉन चालेल, नाही म्हणत नाही. पण बाभळीची फुकट होते आणि झिजली की रंधा मारून परत सपाट.

इंदिरानगरचा हौशी सुतार
निफाडहून मेव्हण्यांनी जुन्या गाडीचा तुकडा पाठवला. करवतीचे दात बोथट झाले, एवढा कडक. डोकं दांड्यासकट ७६० ग्रॅम भरलं. एका तोंडाला चपलेच्या तळव्याचं चामडं सोल्यूशनने चिकटवलंय, त्या बाजूने ठोकलं की फक्त 'धप्' होतं. दुसरी बाजू उघडी ठेवली आहे, होल्डफास्ट सोडवायला. मानेवर मागून एक टप्पल दिली की सुटतो. काल रात्री साडेनऊला ठोकून बघितलं, खिडकी उघडली नाही.