प्रतिसाद: वाटप आणि ‘सहन केलेली चोरी’
अन्न वाटून खाण्याचे मूळ रक्ताच्या नात्यात आहे, हे नेहमी मांडले जाणारे मत चुकीचे नाही, पण मला ते अपुरे वाटते. टांझानियातील हाड्झा या शिकार व अन्नसंकलन करून जगणाऱ्या जमातीतील शिकारी मोठ्या जनावराच्या मागावर बहुतेक दिवस रिकाम्या हातानेच परततो. परंतु ज्या दिवशी जिराफ पडतो, त्या दिवशी एका कुटुंबाला सडण्यापूर्वी संपवता येणार नाही एवढे मांस हाती येते आणि ते नात्यात नसलेल्यांपर्यंतही पोहोचते. (कंदमुळे मात्र त्या मानाने घरातच अधिक राहतात.) मानववंशशास्त्रज्ञ निकोलस ब्लर्टन जोन्स यांनी १९८४ साली अशा वाटपाच्या उगमाला उदारपणाऐवजी ‘सहन केलेली चोरी’ म्हटले: पोट भरलेल्याला उरलेल्या तुकड्यासाठी उपाशी असलेल्याशी झुंजणे परवडत नाही. चिंपांझींमध्ये हे पुष्कळदा उघड दिसते. मांस धरून बसलेल्या नराच्या हनुवटीखाली दुसरा चिंपांझी हात पसरतो. नर सहसा स्वतःहून देत नाही, तुकडा ओढून नेऊ देतो, इतकेच. माणूस मात्र मागणारा समोर नसतानाही त्याचा वाटा बाजूला काढून ठेवतो, आणि ही गोष्ट चोरीच्या हिशेबात बसवणे मला कठीण वाटते.