रोबस्टा कॉफी: सुकी चेरी (अख्खं वाळवलेलं फळ) विकावी की पार्चमेंट (धुऊन वाळवलेली, टरफलातली बी) करावं?

प्रश्न (बागायत_५एकर): फेब्रुवारी 2025 मध्ये लंडनच्या वायदे बाजारात रोबस्टा टनाला साडेपाच हजार डॉलरच्या वर गेला, मग झपाट्याने उतरला. अशा बाजारात कर्नाटकातल्या कोडगूच्या 5 एकरांच्या बागेने चेरीच विकावी की पार्चमेंटसाठी पल्पर (ताज्या फळाची साल काढणारं यंत्र) घ्यावा? युरोपच्या जंगलतोडविरोधी कायद्यासाठी काय तयारी लागते?

आउटटर्न: आधी स्वतःचा आउटटर्न काढा, म्हणजे 50 किलो चेरीतून किती किलो साफ बी निघते ते. समजा पॉइंटला (आउटटर्नच्या दर किलोला) 380 रुपये भाव आहे. 26 निघाले तर गोणीचे 9,880, 28 निघाले तर 10,640. हा 760 रुपयांचा फरक लंडनच्या हातात नाही, तोडणीच्या हातात आहे. एकाच फेरीत हिरवी फळंही ओरबाडली की आउटटर्न पडलाच. नमुना समोर काढायला लावा, ओलावा मीटरवर बघा. चेरी 11 टक्क्यांवर थांबवा. त्याखाली वाळवलीत तर वजन फुकट जातं.

ओली_प्रक्रिया: पार्चमेंटला भाव जास्त, पण पाणी आणि मजूर नसतील तर पल्पर घेऊ नका. पल्पिंग तोडणीच्याच दिवशी व्हायला हवं. पल्परची फट घट्ट असेल तर बी कापली जाते, सैल असेल तर अख्खी फळं निसटतात. रोबस्टाच्या बीवरचा चिकट गर जाड असतो, अरेबिकापेक्षा बराच उशिरा सुटतो. अर्धवट धुतलेली बी वाळवणीत आंबते आणि कपात वास उतरतो. थर 4 सेंटिमीटरचा, सतत ढवळत, 10 टक्के ओलाव्यापर्यंत. धुवण ओढ्यात सोडू नका, खड्ड्यात मुरवा.

निर्यात_कागद: 31 डिसेंबर 2020 नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरची कॉफी युरोपात चालणार नाही. 4 हेक्टरपर्यंतच्या बागेला अक्षांश-रेखांशाचा एक बिंदू पुरतो, दशांशानंतर सहा अंक हवेत. त्याहून मोठ्या बागेची पूर्ण हद्द लागते. तुमचे 5 एकर म्हणजे 2 हेक्टर, एकाच बिंदूत काम होईल. पहाणी (आपल्या सात-बाऱ्यासारखा उतारा) जपून ठेवा. सावलीतली कोडगूची बाग उपग्रहाला जंगलासारखी दिसू शकते, त्यामुळे लागवडीचे जुने पुरावेही हवेत. गोण्यांवर बागेची खूण घाला. व्यापाऱ्याकडे अनोळखी माल मिसळला की माग तुटतो.

बागायत_५एकर: भाव चढेपर्यंत चेरी साठवली तर?

आउटटर्न: कोडगूच्या पावसाळ्यात चेरी ओलावा ओढते, बुरशी धरते. ऑक्राटॉक्सिनची (बुरशीतून येणाऱ्या विषाची) युरोपातली मर्यादा भाजलेल्या कॉफीला किलोमागे 3 मायक्रोग्रॅम आहे. तीन हप्त्यांत विका, शेवटचा मे संपायच्या आत. तोवर गोण्या लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर.