डिझाईनच्या टेबलावरून निसर्गचित्राकडे : लिहा आपापले अनुभव

ग्राफिक डिझाईन करता करता निसर्गचित्रांकडे वळलेले आपल्यात बरेच निघाले. तर लिहा. जुन्या कामातलं काय उपयोगी पडलं, काय आडवं आलं, चित्र नेमकं कसं करता. 'मन रमलं' एवढ्यावर सुटका नाही.

सुरुवात मीच करतो. चौदा वर्षं लेआउट केले. पहिल्यांदा उघड्यावर इझल मांडलं आणि तासाभरात फजिती झाली, कारण सावल्या जागेवर नव्हत्या. सूर्य तासाला 15 अंश सरकतो हे शाळेत पाठ केलेलं, पण लेआउटमध्ये ठेवलेली गोष्ट ठेवल्या जागी राहते ना! त्या दिवशी एकच सावली तीनदा पुसली. आता पहिल्या दहा मिनिटांत सगळ्या सावल्यांचे आकार पातळ तपकिरी रंगात लावून टाकतो आणि मग सूर्याने काहीही करो, त्यांना हात लावत नाही.

*

मला हिरव्याने रडवलं. पडद्यावर रंग म्हणजे आकडा. एकदा ठरला की ठरला. कॅनव्हासवर मात्र पॅलेटवर छान जमलेला हिरवा लावला की शेजारच्या आभाळामुळे भलताच दिसायचा. शेजारच्या रंगामुळे रंग बदललेला भासतो, हे शेव्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1839 साली पुस्तकात सविस्तर मांडलंय. तो कापड रंगवण्याच्या खात्यात होता आणि काळा रंग फिका पडतो अशा तक्रारी त्याच्याकडे यायच्या. रंगात खोट नव्हती, शेजार वाईट होता! कॉलेजात हे परीक्षेपुरतं वाचलं होतं. ट्यूबमधला तयार हिरवा मी आता बाहेर नेतच नाही. अल्ट्रामरीन निळा, पिवळा आणि चिमूटभर बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी. लांबच्या झाडांत पिवळा कमी, निळा जास्त, आणि गडद-फिक्यातलं अंतरही कमी. एवढ्याने डोंगर आपोआप मागे जातो.

*

बोटं अजून कंट्रोल-झेड शोधतात, संगणकावर केलेलं मागे घ्यायचं ते. जलरंगात तर फारच.

*

मी जरा उलट बोलणार. डिझाईन सोडलं नाही, सोडणारही नाही. आठवड्यातले चार दिवस क्लायंटचे, उरलेले माझे. चित्रावर पोट नाही म्हणून विकलं जाणारं चित्र काढायची सक्ती नाही. 'चित्रात डिझाईनरचा हात दिसतो' असं कोणी नाक मुरडून म्हणालं की मी टॉम थॉमसनचं नाव घेते. कॅनडातला हा चित्रकार टोरंटोतल्या ग्रिप नावाच्या डिझाईन कंपनीत काम करायचा. पुढे 'ग्रुप ऑफ सेव्हन' या नावाने गाजलेल्या तिथल्या निसर्गचित्रकारांच्या गटापैकी मॅकडोनाल्ड, लिस्मर, कारमायकल हेही तिथलेच. थॉमसन रानात साधारण 21 बाय 27 सेंटीमीटरच्या फळ्यांवर तैलरंगात भराभर स्केच करायचा आणि हिवाळ्यात त्यातली काही मोठ्या कॅनव्हासवर न्यायचा. 1916-17 मधलं त्याचं 'द जॅक पाइन' बघा. झाडाचा आकार, मागचे आडवे पट्टे... पोस्टर आणि निसर्गचित्र यांत भिंत कुठे आहे?

मीही फळ्याच वापरते. आधी काडेपेटीएवढ्या चौकटीत तीनच टोन : गडद, मधला, फिका. तिथे चित्र उभं राहिलं नाही तर रंगाची पेटी उघडत नाही. ही शिस्त लोगोच्या कामातून आली. लोगो एका रंगात, नखाएवढा करूनही ओळखू यायला हवा, तसंच.

*

माझी चूक सांगते, इतरांची वाचेल. ओळखीच्या एकांनी माझं संध्याकाळचं एक जलरंगचित्र घेतलं आणि खिडकीसमोर लावलं. काही वर्षांनी गेले तर आभाळातला गुलाबी गायब! अलिझरीन क्रिमझन हा गडद लाल पातळ करून लावला होता. तो उजेडात उडतो, पातळ थरात तर लवकरच. पोस्टर महिनाभर टिकलं की काम झालं, या सवयीत वाढल्यामुळे मी ट्यूबवरचं बारीक अक्षर कधी वाचलंच नव्हतं. आता पीआर 83, म्हणजे याच रंगद्रव्याचा क्रमांक, दिसला की ट्यूब परत फडताळात. चित्र नव्याने करून दिलं, पण पहिल्यासारखं नाही जमलं.

*

वरचे सगळे तंत्रावर बोलले. माझी अडचण वेगळी होती. ब्रीफ नव्हता, म्हणजे काय करायचं ते क्लायंटने सांगितलेलं नव्हतं. समोर नदी, हातात ब्रश आणि 'काय हवंय?' म्हणून विचारायला माणूस नाही. पहिले सहा महिने मी मनातल्या मनात क्लायंट तयार करत होतो. तोही मेला 'जरा ब्राइट करा' म्हणायचा! शेवटी एकच वळण धरून बसलो, नदीचं, तेच ते. अकरा वेळा काढलं. सातव्या खेपेला लक्षात आलं की पाणी मी नेहमी आभाळाच्याच रंगात रंगवतोय. खरं तर पलीकडच्या काठाची गडद सावली पाण्यात अर्ध्यापर्यंत उतरलेली असते. इतके दिवस समोर होती ती.

एक विचारायचं होतं. माझ्या कडा अजून कटरने कापल्यासारख्या येतात. कोणी यातून सुटलंय का?

*

सुटलोय, निम्मा. छोटे ब्रश घरी ठेवून जा. मोठा चपटा एकच घ्या, आणि ओल्या रंगावर कड बोटाने पुसा.