मेथडिस्ट पाळकसाहेबांच्या आठवणी – तुमच्याकडं असतील तर लिहा

शाहूपुरीकर
काल उद्यमनगरात गाडी टाकायला गेलो तर कोपऱ्यात एक बजाज एम-एटी उभी. कॅरिअरला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळलेल्या. पाळकसाहेब त्यांची बाजाची पेटी अशाच पट्ट्यांनी बांधायचे, वरून खताचं पोतं. गाडी काही त्यांची नव्हती, पण डोक्यात तेच सुरू झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: साहेब मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोकांतल्या एका पंथाचे पाळक. सगळी सेवा बेळगाव पट्ट्यात झाली (तिथलं काम मुळात लंडन मिशनचं, ते पुढं मेथडिस्टांकडं आलं). निवृत्त होऊन लेकीकडं कोल्हापुरात आले. आता कोल्हापुरात 1852 ला अमेरिकन मिशनरी वाइल्डर साहेब आले, त्यांचं काम पुढं प्रेस्बिटेरियन या दुसऱ्या पंथाकडं गेलं, म्हणून इथं घराणं प्रेस्बिटेरियन. साहेबांना इथं ना चर्च, ना पाळकगृह, ना पगार. तरी न बोलावता येणारा पाळक मी तेवढाच बघितला. आजी सीपीआर दवाखान्यात होती तेव्हा संध्याकाळी हमखास यायचे. प्रार्थना दोन मिनिटं. मग शेजारच्या खाटेवरच्या आजोबांशी उसाच्या दरावर अर्धा तास. त्या आजोबांना आम्ही घरचे कंटाळलो होतो, साहेब नाही.

लिहा काय आठवेल ते. नाव घालू नका, घरच्यांना नको आहे.

पेटीवाला
पट्ट्या ट्रकच्या ट्यूबच्या. सायकलची ट्यूब पेटीचं वजन धरत नाही. मीच कापून द्यायचो.

शाहूपुरीकर
बरं बाबा, ट्रकच्या 😄

बेळगावची_लेक
भाकरी करता करता लिहितेय, चुका सांभाळून घ्या.

आमच्याकडं होते तेव्हा मी शब्बाथ शाळेत. मेथडिस्टांत कॉन्फरन्स भरते आणि शेवटी बिशप नेमणुका वाचतात. कोण कुठं जाणार ते तिथं कळतं. म्हणून पाळकीणबाई भिंतीला खिळा मारायच्या नाहीत. कॅलेंडर खिडकीच्या गजाला बांधलेलं, आरसा कपाटाला टेकवलेला. माझ्या आईनं एकदा विचारलं, अहो बाई, एक खिळा मारला तर काय होईल? त्या म्हणाल्या, जाताना काढताना रडू येतं.

साहेब उपदेश मराठीत करायचे आणि राग कानडीत. तरुण संघातल्या पोरांना कानडी येत नव्हतं तरी सगळं कळायचं.

31 डिसेंबरच्या रात्रीची उपासना तर विसरणं शक्य नाही. वॉच नाइट (रात्र जागून प्रार्थना) आणि नव्या वर्षाची कराराची उपासना (देवाशी पुन्हा करार करायचा) ही मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीपासूनची रीत, साहेब ती काटेकोर पाळायचे. बारा वाजता बाहेर फटाके, आत सगळे गुडघ्यावर. आम्ही पोरं एक डोळा उघडा ठेवून बाहेर बघायचो. साहेबांचाही एक उघडा असायचा, आमच्यावर.

भाकरी करपली. नंतर येते.

रस्सा_आधी
कोल्हापुरात रविवारी उपदेश पंधरा मिनिटांच्या वर नाही, हे त्यांनी आल्या आल्या ओळखलं. कुठं पाहुणे म्हणून बोलावलं की सुरुवातच अशी, "मटण शिजायला किती वेळ लागतो ते मला ठाऊक आहे, काळजी करू नका."

नवीन_सभासद
मेथडिस्ट म्हणजे सीएनआयच (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) ना?

बावड्याचा
नाही. सीएनआय 1970 ला नागपुरात बऱ्याच मंडळ्या एकत्र येऊन झाली. अमेरिकन मेथडिस्टांची मंडळी अगदी शेवटी बाजूला राहिली, 1981 पासून मेथडिस्ट चर्च इन इंडिया म्हणून स्वतंत्र. ब्रिटिश मेथडिस्टांचे लोक मात्र सीएनआयमध्ये गेले. मी साहेबांना यावर खोदून विचारलं होतं. म्हणाले, वरात एकच आहे, गाड्या वेगवेगळ्या केल्यात, जेवायला सगळे एकाच मांडवात येणार. मग मी विचारलं, तुमची गाडी कुठली? तर म्हणे एम-एटी.

नवीन_सभासद
😂 धन्यवाद

व्हीनस_कॉर्नर
2019 चा पूर. आमच्याकडं नावा फिरत होत्या, शिरोलीला हायवे बंद, दूध नाही, पेट्रोल नाही. आम्हाला एका शाळेत ठेवलेलं. येणारा जाणारा फोटो काढायचा, बिस्किटं वाटायचा, जायचा. साहेब आले ते नेलकटर घेऊन. म्हाताऱ्या माणसांची नखं कापत बसले. माझ्या सासऱ्यांचा हात पॅरॅलिसिसनं गेलेला, बोटं आत वळलेली. एकेक बोट कोमट पाण्यात धरून उघडत होते. घाई नाही, बोलणं नाही. सासरे माळकरी. त्यांनी विचारलं, महाराज, तुमचा देव कुठला? साहेब म्हणाले, ते नंतर, अंगठा हलवू नका.

नंतरही कधी सांगितलं नाही. सासरेच मागं लागले, मग दोघं ना. वा. टिळकांचे ख्रिस्ती अभंग आणि तुकोबा आलटून पालटून म्हणायचे. पुढं आमच्याकडं चहाला येऊ लागले. साखर बंद होती तरी दोन चमचे.

पेटीवाला
तीन चमचे.

गांधीनगर_रिटर्न
सगळे गोडच लिहिताय. माणूस तापट होता, तेही लिहा. आमच्या दादाच्या लग्नात वरात पाऊण तास उशिरा. साहेबांनी तोवर चर्चमध्ये दानार्पण (वर्गणीची पिशवी फिरवून) घेतलं! वऱ्हाडाच्या खिशातनं. दादा आल्यावर सगळ्यांसमोर ती पिशवी त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, ही स्वयंपाक्यांना दे, ते पहाटेपासून उभे आहेत. वडील महिनाभर बोलले नाहीत त्यांच्याशी. मला अजून वाटतं लग्नात एवढं नको होतं.

रस्सा_आधी
स्वयंपाकी काय म्हणाले ते सांगा की 😄

बेळगावची_लेक
आले. @गांधीनगर, बेळगावातही एका लग्नात हेच केलं होतं, म्हणजे ठरलेली युक्ती होती बघा.

अजून एक. त्यांच्या गळ्यातली पांढरी कॉलर बघितलीय का कुणी जवळून? विकतची नव्हती. डिटर्जंटच्या पांढऱ्या बाटलीची पट्टी कापून घातलेली. एकदा प्रभुभोजनाला वाकले तेव्हा ती निसटून बाहेर आली, आतल्या बाजूला निळ्या अक्षरात "थंड जागी ठेवा". मला हसू आवरेना, आईनं चिमटा काढला.

बावड्याचा
हाहाहा. बेळगावच्या मे महिन्यात थंड जागा कुठली.

वेस्ली म्हणायचा, सारं जग माझी मंडळी. साहेब म्हणायचे, मी म्हातारा झालो, मला रंकाळा ते कावळा नाका पुरे.

करंजीवाली_ताई
विषयाला सोडून विचारते, राग नको. नाताळच्या करंज्यांना सारण ओलं की सुकं? सूनबाई ओल्या नारळाचं म्हणते, टिकणार का?

बेळगावची_लेक
सुकंच, ताई. खसखस भाजून. ओलं दुसऱ्या दिवशी वास मारतं.

व्हीनस_कॉर्नर
साहेबांना ओल्या नारळाच्या आवडायच्या, टिकायचा प्रश्नच यायचा नाही.

पेटीवाला
कॅरोल पार्टीत (नाताळची गाणी म्हणत घरोघरी जातो ती) साहेबांना सगळ्यात जास्त भीती कुत्र्यांची. गल्लीत शिरायच्या आधी मला पुढं पाठवायचे. पेटी माझ्याकडं, काठी त्यांच्याकडं. स्वर्गात जायची तयारी आहे म्हणायचे, पण चावून नको.

करंजीवाली_ताई
यंदा पार्टी आमच्याकडं किती वाजता येणार? आमचा मोती बांधायला लागेल.

पेटीवाला
नऊच्या पुढं. बांधाच, ताई.