मुलींचे लांबलचक नॅशनल कॅम्प : खेळाडू घडतात की नुसत्या तयार होऊन बसतात?

भांडुपचा_मामा
भाची सात आठवड्यांनी घरी आली. भारताच्या वयोगटाच्या फुटबॉल कॅम्पला होती. वय १६. बहिणीनं हौसेनं साबुदाणा वडे तळले, तर हिनं दोन खाऊन ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेसहाला गजर नसताना उठली आणि मोबाइल शोधायला लागली. तिकडे उठल्या उठल्या फॉर्म भरायचा असतो : झोप किती तास, पाय किती दुखतात, मूड कसा, पाळी चालू आहे का. (शेवटचं मला बहिणीकडून कळलं.)

मग वजन. नाश्ता, अंडी मोजून. दीड तास मैदान, अंगात तो जीपीएसवाला बनियन. किती पळाली, किती वेळा सुसाट सुटली, सगळं कळतं. सराव संपला की परत वजन, घामातून किती पाणी गेलं ते बघायला. बर्फाच्या टबात बसायचं. जेवण, सक्तीची झोप, चारला व्हिडिओ, मग जिम. रात्री साडेनऊला फोन जमा. मी विचारलं, मॅचेस किती झाल्या? म्हणाली, आपापसात खूप, बाहेरच्यांशी तीन.

तीन सामन्यांसाठी सात आठवडे, आणि अकरावीची सहामाही बुडाली ती वेगळीच! आपल्या महिला लीगमध्ये २०२४-२५ला ८ संघ होते, म्हणजे एकेका संघाच्या वाट्याला १४ सामने. इंग्लंडच्या वरच्या लीगमध्ये १२ संघ होते तेव्हाही २२ सामने होत, कप वेगळेच. आपल्याकडे सामने नाहीत म्हणून कॅम्प लावतात, असं माझं मत झालंय. २०२२च्या १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपआधी मुली महिनोन्महिने जमशेदपूरला होत्या. भुवनेश्वरला अमेरिकेकडून ८-० हरल्या. कोणाला वेगळं वाटत असेल तर सांगा.

सेंटरबॅक_सुनंदा
मला वाटतं. आधी तो ८-०चा दाखला पुरा करा मामा. त्याच उन्हाळ्यात त्या मुली इटली आणि नॉर्वेला स्पर्धा खेळून आल्या होत्या. बाहेरचे सामने मिळालेच नाहीत असं नाही. समोरची पोरगी पाच-सहा वर्षांची असल्यापासून दर शनिवार-रविवार मॅच खेळत आलेली असते. ते अंतर शेवटच्या वर्षात कशानंच भरत नाही.

मी नव्वदच्या दशकात खेळले. आमचा कॅम्प म्हणजे शाळेच्या वर्गात बाकं भिंतीला लावून सतरंज्या, सकाळी भिजवलेले चणे, दुपारी आमटी-भात. पाळी आली की 'पोट दुखतंय' म्हणायचं, तेही मैत्रिणीकरवी, आणि सर दुसरीकडे बघायचे. गुडघा सुजला की हळदीचा लेप. माझा डावा त्यातच गेला. बायकांमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्यातला मुख्य अस्थिबंध, तुटायचं प्रमाण पुरुषांच्या दुपटीहून जास्त आहे. फिफा ११ प्लससारखा वॉर्म-अप रोज नीट केला तर गुडघ्याच्या दुखापती कमी होतात, हे सिद्ध झालंय. 'रोज' आणि 'नीट' हे दोन्ही एकत्र मी फक्त कॅम्पात बघितलंय. तुमच्या भाचीच्या फॉर्मातल्या त्या एका रकान्यासाठीसुद्धा मी कॅम्पच्या बाजूनं भांडेन.

आकडेमोड्या
सुनंदाताईंना +१. जून-जुलै २०२५, थायलंडमधलं चियांग माई, आशियाई कपची पात्रता फेरी. आपला सीनियर संघ बंगळुरूच्या कॅम्पमधून गेला. मंगोलियाला १३-०, तिमोर-लेस्तेला ४-०, इराकला ५-०, आणि शेवटी थायलंडला त्यांच्याच घरी २-१, दोन्ही गोल संगीता बासफोरचे. थायलंड म्हणजे २०१५ आणि २०१९चा वर्ल्ड कप खेळलेला देश! अशी पात्रता फेरी जिंकून आशियाई कपला जायची आपली ती पहिलीच वेळ. कॅम्प फुकट गेला म्हणता?

भांडुपचा_मामा
त्या बायका एप्रिलपर्यंत लीग खेळून मग कॅम्पला गेल्या होत्या. आधी सामने, मग कॅम्प. तुम्ही माझीच बाजू मांडलीत, आभार.

नेरुळकर
मी मामांकडून. जानेवारी २०२२, आमच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आशियाई कप. आपल्या मुली त्याआधी कितीतरी काळ कॅम्पात. इराणशी ०-०. तीन दिवसांनी चायनीज तैपेईशी (म्हणजे तैवानशी) खेळायचं तर कोविडमुळे १३ खेळाडूही उभ्या करता येईनात. सामना रद्द, संघ स्पर्धेबाहेर. वर्षभराची तयारी आणि हाती एक बरोबरी. सगळी भिस्त एका स्पर्धेवर ठेवली की असं होतं. त्याच मैदानावर ३० ऑक्टोबरला १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपची फायनल बघितली, स्पेन १-० कोलंबिया. येताना लोकलमध्ये एक काका विचारत होते, आज मॅच कोणाची होती? पोरींची म्हटल्यावर परत पेपरात डोकं.

आकडेमोड्या
कोविडचा राग कॅम्पवर कशाला काढता? लीग खेळत असत्या तरी झालाच असता.

शिवडीची_आई
सामने खेळवा, सामने खेळवा. कुठे? टर्फ म्हणाल तर पाचचा नाहीतर सातचा, आणि संध्याकाळी ऑफिसवाल्यांचं बुकिंग. अकराचं मैदान मुलींच्या वाट्याला येतं कधी? कूपरेजचा नाहीतर बांद्र्याच्या नेव्हिल डिसूझाचा वेळ मिळाला तर दिवाळी. आझाद मैदानावर क्रिकेटवाल्यांच्या पिचच्या मधून कॉर्नर मारलेत माझ्या लेकीनं. जूनला पाऊस लागला की मातीची मैदानं तशीही गेलीच. कॅम्पात निदान पूर्ण मापाचं मैदान तरी असतं हो.

सेंटरबॅक_सुनंदा
आणि सगळ्या मुली मुंबईच्या नसतात. त्या २०२२च्या संघाची कर्णधार अष्टम उरांव झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली. कितीतरी जणी मणिपूरच्या, हरियाणाच्या. त्यांतल्या किती जणींना घरी रोज अंडं-दूध आणि दुखलं तर फिजिओ मिळत असेल? मामा, तुम्हाला सहामाही बुडाल्याची काळजी करता येते, हेही नशीबच.

भांडुपचा_मामा
ताई, हे लागलं. भाचीची रूममेट मणिपूरची. सात आठवड्यांत एकदाही घरी जावंसं वाटतंय म्हणाली नाही, घरचा फोन आला की उठून गच्चीत जायची. भाचीनं कालच सांगितलं. त्या मुलीसाठी कॅम्प सात आठवडे काय, सात महिने चालवा, मी अडवणार नाही. पण मग त्याला वसतिगृह म्हणा. त्याला संघाची तयारी म्हणून दाखवू नका. आणि तिच्या गावाजवळ तिला दर आठवड्याला मॅच मिळाली असती तर, हा प्रश्न उरतोच.

सेंटरबॅक_सुनंदा
वसतिगृह म्हणा, काहीही म्हणा. बंद मात्र करू नका. तुमच्या त्या गावाजवळच्या लीगची वाट बघत आमची पिढी निवृत्त झाली.

भांडुपचा_मामा
भाची मागे उभी राहून हे वाचतेय. म्हणते, बाहेरच्यांशी तीन नाही, चार मॅचेस झाल्या. एकीत ती पूर्ण वेळ बेंचवर होती, म्हणून धरली नव्हती.

शिवडीची_आई
वाचतेयच तर विचारा. शनिवारी सकाळी सातला मैदान मिळालंय, पूर्ण मापाचं. आमच्याकडे नऊ मुली आहेत, दोन कमी. डावीकडून खेळते का?

भांडुपचा_मामा
उजवी विंग. पण येते म्हणाली. ट्रान्स-हार्बर नको, शिवडीला थेट कसं यायचं तेवढं सांगा, मी सोडायला येतो.

नेरुळकर
मामा, भांडुपहून ट्रान्स-हार्बर कशाला लागेल? कुर्ल्याला बदला आणि हार्बर पकडा.