टाकीआधी छप्पर मोजा

रोपवाटिकेला पावसाचं पाणी साठवायला टाकी किती लिटरची घ्यावी, असा प्रश्न आहे. आधी छप्पर मोजा. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. आमच्या शेडचा पत्रा ४० चौरस मीटर. २५ मिलिमीटर पाऊस झाला की हजार लिटर, उडालं-सांडलं धरून आठशे तरी हाती लागतात. पहिल्या सरीचं पाणी मात्र सोडून द्या. धूळ, कबुतरांची घाण घेऊन ते चहासारखं तपकिरी उतरतं, बादलीत धरून पाहिलंय. टाकीच्या तोंडाला बारीक जाळी घट्ट बांधा, नाहीतर आठवड्यात डासांच्या अळ्या. रोपांच्या पिशव्यांखालून निथळलेलं पाणी वेगळ्या खड्ड्यात घ्या. त्यात खत असतं, पण मर रोगाची (रोपं कोमेजून मरतात, त्याची) बुरशीही येऊ शकते; कोवळ्या रोपांना ते नकोच, कुंपणाच्या करंजाला घाला. आणि परतीच्या पावसात टाकी काठोकाठ भरून ठेवाच.