उंबरे असलेल्या एकमजली घरासाठी रोबोट व्हॅक्यूम कोणता घ्यावा?

प्रश्न: आईचे गुडघे फार दुखतात, तिला आता वाकून केर काढू द्यायचा नाही. पलंगाखाली जेमतेम ९ सेंमी जागा आहे. काय बघून घेऊ?

उत्तर: आधी उंबरे मोजा. बरेच रोबोट २ सेंमीपर्यंतच चढतात. आमचा अडीच सेंमीच्या उंबऱ्याला रोज धडकायचा. लाकडी उतार ठोकला तेव्हा सुटला.

उत्तर: लायडारवाला (लेसरने अंतर मोजणारा) रोबोट अंधारातही घराचा नकाशा काढतो, पण डोक्यावरच्या बुरुजामुळे बऱ्याचदा उंच होतो, पलंगाखाली अडकेल. कॅमेरावाल्यांत बुटके मिळतात, फक्त दिवा चालू ठेवा.

उत्तर: लांब केस असतील तर ब्रश सहज निघतो ना, बघाच. मी दर रविवारी कात्रीने गुंता कापते.

प्रश्नकर्ती: मोजले! दोन उंबरे दीड सेंमीचे, स्वयंपाकघराचा तीन सेंमीचा. तिथे उतार करून घेते.